जॅक्सनला जास्त मतं, अध्यक्ष मात्र ॲडम्स: १८२४ चा तिढा नकाशावर मांडून पाहू

विचारलेला प्रश्न असा: १८२४ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत अँड्र्यू जॅक्सन लोकांच्या मतांत पुढे होता, निर्वाचकांच्या (म्हणजे राज्याराज्यांतून निवडलेल्या, अध्यक्षासाठी मत देणाऱ्या प्रतिनिधींच्या) मतांतही पुढे होता. मग जॉन क्विन्सी ॲडम्स अध्यक्ष कसा झाला? हेन्री क्लेबरोबर त्याचा 'भ्रष्ट सौदा' झाला होता का? आणि उत्तर-दक्षिण फूट तेव्हाच पडली होती का?

एम.ए.च्या मुलांना अमेरिकेचा इतिहास शिकवण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. या प्रश्नाच्या उत्तरपत्रिकांत एक शब्द दरवर्षी हमखास सापडायचा: घोडेबाजार. आपल्या वाचकाला तो चटकन सुचतो यात नवल नाही. पण त्या एका शब्दाने सगळं उत्तर उरकून टाकलं की खरी गंमत हातातून निसटते. म्हणून माझं मत आधीच सांगतो. ॲडम्स निवडून आला तो राज्यघटनेतल्या एका नियमामुळे आणि चार तुकडे झालेल्या नकाशामुळे. क्लेची चूक झाली ती नंतर, त्याने मंत्रिपद घेतलं तेव्हा.

सुरुवात चार वर्षं आधीपासून करावी लागते. १८२० मध्ये अध्यक्ष जेम्स मन्रो दुसऱ्यांदा उभा राहिला तेव्हा त्याच्यासमोर कोणी नव्हतंच. २३२ पैकी २३१ निर्वाचकांनी त्याला मत दिलं; न्यू हॅम्पशरच्या एकाने ॲडम्सच्या नावाची चिठ्ठी टाकली. फेडरलिस्ट या जुन्या विरोधी पक्षाने इंग्लंडशी झालेल्या १८१२ च्या युद्धाला विरोध करून स्वतःचीच कबर खणली होती. उरले ते सगळे तिसरा अध्यक्ष जेफरसन याच्या पक्षाचे, म्हणजे रिपब्लिकन. (आजच्या रिपब्लिकन पक्षाशी त्यांचा संबंध नाही, इथे मुलं दरवर्षी घसरतात.) पाठ्यपुस्तकांत या काळाला 'सलोख्याचं युग' म्हणतात. मला ते नाव कधीच पटलं नाही. पक्ष एकच उरला की भांडण संपत नाही, ते घरात शिरतं. आणि घरातल्या भांडणात बाजू घ्यायला तेव्हा एकच आधार होता: तुम्ही कुठल्या भागातले.

आता नकाशा. मी वर्गात कोरा नकाशा आणि रंगीत पेन्सिली द्यायचो. मुलं लगेच दोन रंग उचलायची, उत्तर आणि दक्षिण. मी म्हणायचो, तिसरा घ्या. १८२४ ची अमेरिका निदान तीन भागांची होती. ईशान्येला न्यू इंग्लंड: जहाजं, मासेमारी, व्यापार आणि नुकत्याच सुरू झालेल्या कापडगिरण्या. दक्षिणेला गुलामांच्या श्रमावरची तंबाखू-कापसाची शेती, जिचा माल इंग्लंडला जायचा. आणि ॲपलेशियन डोंगरांपलीकडे पश्चिम: केंटकी, टेनेसी, ओहायो, इंडियाना, इलिनॉय, मिसूरी. तिथल्या माणसाला जमीन स्वस्त हवी होती आणि माल बाजारात न्यायला रस्ते-कालवे हवे होते. १८१९ च्या मंदीत कर्ज काढून जमिनी घेतलेले हजारो लोक तिथे बुडाले होते आणि बँकांच्या नावाने बोटं मोडत होते. पेनसिल्व्हेनिया, न्यू यॉर्क यांसारखी मधली राज्यं कधी इकडे तर कधी तिकडे.

या तिन्ही भागांचे वाद त्या चार-पाच वर्षांत एकदम वर आले. मिसूरीला गुलामगिरीसह राज्याचा दर्जा द्यायचा का, यावरून १८१९ ते १८२१ काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, हादरली. शेवटी मिसूरीबरोबर मेन हे मुक्त, म्हणजे गुलामगिरी नसलेलं राज्य घेतलं आणि मिसूरीच्या दक्षिण सीमेवरून ३६ अंश ३० मिनिटांची रेषा मारली: मिसूरी सोडून तिच्या उत्तरेला गुलामगिरी नको. १८२४ मध्ये आयात कर वाढवला. दक्षिण विरोधात, पश्चिम आणि मधली राज्यं बाजूने, न्यू इंग्लंड दुभंगलेलं. आणि रस्ते-कालव्यांवर केंद्राने खर्च करावा का, हा तिसरा वाद. वरवर तो ठेकेदारीचा विषय वाटतो. पण नॉर्थ कॅरोलिनाच्या नथॅनियल मेकनने १८१८ मध्येच एका पत्रात दक्षिणेच्या मनातलं बोलून दाखवलं होतं: जी काँग्रेस कालवे खोदू शकते, ती गुलामही मुक्त करू शकेल. हे वाक्य समजलं की दक्षिणेतले लोक एका साध्या रस्त्याच्या विधेयकावर इतके का खवळायचे ते कळतं. गुलामगिरीचा उच्चार न करता गुलामगिरीवरच भांडण चालू होतं.

अशा वेळी मन्रोनंतर कोण? जुन्या प्रथेप्रमाणे काँग्रेसमधले पक्षाचे सदस्य एकत्र बसून उमेदवार ठरवायचे. त्या बैठकीला कॉकस म्हणत. १४ फेब्रुवारी १८२४ च्या कॉकसला दोनशेहून अधिक सदस्यांपैकी फक्त ६६ आले. त्यांनी जॉर्जियाच्या विल्यम क्रॉफर्डला, म्हणजे मन्रोच्या अर्थमंत्र्याला निवडलं. बाकीच्यांनी ही निवड धुडकावून लावली. त्यात क्रॉफर्डला १८२३ मध्ये पक्षाघाताचा मोठा झटका आला होता. नीट दिसत नव्हतं, बोलताना अडखळायचा.

उरलेले तिघे. ॲडम्स हा मॅसॅच्युसेट्सचा, दुसऱ्या अध्यक्षाचा मुलगा, मन्रोचा परराष्ट्रमंत्री. विद्वान आणि माणसांशी वागताना कोरडा. क्ले केंटकीचा, प्रतिनिधिगृहाचा (काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहाचा) सभापती. गोडबोल्या, पत्त्यांचा शौकीन, आयात कर, राष्ट्रीय बँक आणि रस्ते-कालवे यांची मोट बांधून 'अमेरिकन प्रणाली' मांडणारा. आणि टेनेसीचा जॅक्सन, ज्याने जानेवारी १८१५ मध्ये न्यू ऑर्लिन्सला इंग्रजांचा धुव्वा उडवला होता. साउथ कॅरोलिनाचा जॉन कॅल्हूनही रिंगणात होता, पण पेनसिल्व्हेनिया जॅक्सनकडे झुकल्यावर त्याने शहाणपणाने उपाध्यक्षपदावर समाधान मानलं.

या माणसांचे जुने संबंध पाहिले तर निकाल उलटाच लागायला हवा होता. १८१८ मध्ये जॅक्सन परवानगीशिवाय स्पॅनिश फ्लोरिडात घुसला, तेव्हा मंत्रिमंडळात त्याची पाठराखण एकट्या ॲडम्सने केली. क्लेने मात्र १८१९ च्या जानेवारीत सभागृहात उभं राहून त्याची सालटी काढली. ८ जानेवारी १८२४ ला, न्यू ऑर्लिन्सच्या विजयाच्या वाढदिवशी, ॲडम्सच्या घरी जॅक्सनच्या सन्मानार्थ मोठी मेजवानी झाली. ॲडम्स अध्यक्ष आणि जॅक्सन उपाध्यक्ष अशी जोडीही बोलली जात होती.

उलट ॲडम्स आणि क्ले यांचं विळ्याभोपळ्याचं नातं. १८१४ मध्ये आजच्या बेल्जियममधल्या घेंट इथे इंग्रजांशी तहाची बोलणी करायला दोघं एकत्र गेले होते. ॲडम्स पहाटे उठून मेणबत्ती लावायचा आणि क्लेच्या खोलीतली पत्त्यांची बैठक तेव्हा उठायची. ॲडम्सने हे रोजनिशीत लिहून ठेवलं आहे. पण खरा खटका वेगळ्याच गोष्टीवर उडाला. इंग्रजांना मिसिसिपी नदीतून जहाजं नेण्याचा हक्क चालू ठेवला, तर बदल्यात न्यू इंग्लंडच्या कोळ्यांचे न्यूफाउंडलंडजवळचे हक्क टिकत होते. ॲडम्सला मासे महत्त्वाचे, क्लेला नदी. परक्या देशात, युद्ध चालू असताना, एकाच देशाचे दोन वकील आपापल्या प्रदेशासाठी एकमेकांशी भांडत होते. प्रादेशिकता म्हणजे काय, हे मला कोणी विचारलं तर मी हाच प्रसंग सांगतो.

आता आकडे. एकूण २६१ निर्वाचक, बहुमताला १३१ हवेत. जॅक्सन ९९, ॲडम्स ८४, क्रॉफर्ड ४१, क्ले ३७. न्यू इंग्लंडची सगळी ५१ ॲडम्सला. तिथे जॅक्सनला भोपळा. क्रॉफर्डच्या ४१ पैकी ३३ व्हर्जिनिया आणि जॉर्जिया या दोन राज्यांतली. क्लेची ओहायो, केंटकी, मिसूरी आणि थोडी न्यू यॉर्कमधली. एकटा जॅक्सन आपल्या भागाबाहेर पसरला होता: टेनेसी, अलाबामा, मिसिसिपी आणि दोन्ही कॅरोलिनांबरोबरच पेनसिल्व्हेनियाची २८, न्यू जर्सी आणि इंडियानाही त्याच्याकडे.

लोकांच्या मतांत जॅक्सनला सुमारे ४१ टक्के आणि ॲडम्सला सुमारे ३१. 'जनतेचा कौल डावलला' हे वाक्य याच आकड्यावर उभं आहे, म्हणून त्यावर जरा थांबा. २४ पैकी ६ राज्यांत लोकांनी मतदान केलंच नव्हतं. निर्वाचक तिथल्या विधिमंडळांनी निवडले. त्या सहांत न्यू यॉर्क होतं, देशातलं सर्वांत मोठं राज्य, आणि तिथली ३६ पैकी २६ मतं ॲडम्सला गेली. व्हरमाँटही त्यात होतं, तेही ॲडम्सचं. तिथे लोकांनी मतदान केलं असतं तर फरक बराच कमी झाला असता. दुसरी गोष्ट, दक्षिणेची निर्वाचकसंख्या पाच गुलाम म्हणजे तीन माणसं या घटनेतल्या हिशेबाने फुगलेली होती. गुलामाला मत नव्हतं, पण त्याच्या डोक्याचं वजन मालकाच्या पारड्यात पडायचं. जॅक्सनच्या ९९ मध्ये हे वजन ॲडम्सच्या ८४ मधल्यापेक्षा पुष्कळ जास्त होतं. जॅक्सन पुढे होता हे खरंच आहे. पण पन्नास टक्क्यांच्या जवळही तो नव्हता, आणि 'जनता' हा शब्द तिथे फार तोकड्या अर्थाने वापरला जात होता.

बहुमत कोणालाच नाही, मग पुढे काय? इथे १८०० ची आठवण हवी. तेव्हा प्रत्येक निर्वाचक दोन मतं द्यायचा, अध्यक्ष-उपाध्यक्ष असं वेगळं न लिहिता. थॉमस जेफरसन आणि त्याच्याच जोडीचा ॲरन बर यांना सारखी ७३ मतं पडली. प्रतिनिधिगृहात ११ ते १७ फेब्रुवारी १८०१ या काळात ३६ वेळा मतदान झालं, तेव्हा कुठे जेफरसन निवडला गेला. कोंडी फोडणारा डेलावेअरचा जेम्स बेयार्ड. हाच पुढे घेंटला ॲडम्स आणि क्ले यांच्या मध्ये बसला होता! त्या फजितीनंतर १८०४ ची बारावी घटनादुरुस्ती आली. दोन पदांची मतं वेगळी झाली आणि ठरलं की बहुमत नसेल तर पहिल्या तिघांतून प्रतिनिधिगृह अध्यक्ष निवडेल. तिथे प्रत्येक राज्याला एकच मत.

या दोन अटींनी १८२५ चा निकाल लावला. पहिल्या तिघांतून क्ले चार मतांनी बाहेर पडला. ज्या सभागृहाचा तो लाडका सभापती होता, तिथे तो उमेदवार असता तर कदाचित तोच अध्यक्ष झाला असता. उमेदवारी गेली आणि किल्ल्या हातात आल्या. दुसरी अट आणखी विचित्र. पेनसिल्व्हेनियाच्या २६ सदस्यांचं मिळून एक मत आणि इलिनॉयच्या एकट्या डॅनियल कुकचंही एक मत. मिसूरीचाही एकच सदस्य, जॉन स्कॉट. २४ पैकी १३ राज्यं जिंकायची होती, मग तुम्ही कोणाच्या दारात जाल?

क्लेने ॲडम्सला का निवडलं? त्याच्या जागी बसून पाहा. क्रॉफर्ड अंथरुणावर आणि मतांनी राज्यहक्कवादी, म्हणजे केंद्रापेक्षा राज्यांच्या हक्कांचा कैवारी. जॅक्सन पश्चिमेचाच, म्हणजे क्लेचा घरचा प्रतिस्पर्धी. पश्चिमेचा एक अध्यक्ष झाला की दुसऱ्याची पाळी लांबली. शिवाय न्यू ऑर्लिन्सला अडीच हजार इंग्रज मारल्याने कोणी अध्यक्षपदाला लायक ठरत नाही, असं त्याने स्वतःच पत्रात लिहिलं आहे. राहिला ॲडम्स. स्वभाव जुळत नव्हता, पण बँक, रस्ते, आयात कर यांवर मतं जुळत होती. मिसूरीच्या थॉमस हार्ट बेंटनने पुढे लिहून दिलं की, आपण ॲडम्सला मत देणार असं क्लेने त्याला डिसेंबर १८२४ मध्येच सांगितलं होतं. बेंटन तोवर जॅक्सनच्या गोटात होता, म्हणून मी या साक्षीला वजन देतो.

९ जानेवारी १८२५ च्या संध्याकाळी क्ले ॲडम्सच्या घरी गेला. ॲडम्सची रोजनिशी सांगते की क्लेला काही सार्वजनिक तत्त्वांबद्दल खात्री हवी होती, स्वतःसाठी काही नको होतं. रोजनिशी लिहिणारा स्वतःच्या विरोधात कशाला लिहील, असं तुम्ही म्हणाल, आणि ते बरोबर आहे. पण दोन मुरलेले राजकारणी बंद खोलीत बसले तर पदाचं नाव घ्यायची गरजच नसते. आणि दारं ठोठावणारा क्लेचा गट एकटा नव्हता. डिसेंबरच्या अखेरीस पेनसिल्व्हेनियाचा जेम्स ब्युकॅनन, हाच पुढे अध्यक्ष झाला, जॅक्सनकडे गेला आणि परराष्ट्रमंत्रिपदाबद्दल सूचक बोलून आला. जॅक्सनने काही कबूल केलं नाही. १८२७ मध्ये जॅक्सनने, क्लेच्या वतीने माझ्याकडे देकार आला होता असं म्हणत ब्युकॅननला साक्षीदार केलं, तर ब्युकॅननने हात वर केले: मी क्लेच्या वतीने गेलोच नव्हतो.

मग केंटकी. तिथल्या विधिमंडळाने ठराव करून आपल्या सदस्यांना कळवलं की जॅक्सनला मत द्या. लोकांच्या मतदानात ॲडम्सला तिथे जवळपास काहीच पडलं नव्हतं. २४ जानेवारीला केंटकी आणि ओहायोच्या सदस्यांनी जाहीर केलं: आम्ही ॲडम्सबरोबर. चार दिवसांनी फिलाडेल्फियाच्या एका वृत्तपत्रात निनावी पत्र आलं की क्लेने परराष्ट्रमंत्रिपदासाठी सौदा केला. क्लेने लेखकाला द्वंद्वाचं आव्हान दिलं. पुढे आला पेनसिल्व्हेनियाचा जॉर्ज क्रेमर, एक भाबडासा सदस्य. चौकशीची वेळ आल्यावर मात्र त्याने माघार घेतली.

९ फेब्रुवारी १८२५. पहिल्याच फेरीत ॲडम्स १३, जॅक्सन ७, क्रॉफर्ड ४. न्यू इंग्लंडची सहा, न्यू यॉर्क, मेरीलँड आणि पश्चिम-नैर्ऋत्येची ओहायो, केंटकी, इलिनॉय, मिसूरी, लुइझियाना. बरोबर १३, एक राज्य कमी पडलं असतं तर दुसरी फेरी. न्यू यॉर्कचं मत स्टीफन व्हॅन रेन्सेलर या वृद्ध जमीनदाराने फिरवलं. तो डोकं टेकून प्रार्थना करत होता, डोळे उघडले तर पायाशी ॲडम्सच्या नावाची चिठ्ठी, तीच त्याने पेटीत टाकली, अशी आख्यायिका न्यू यॉर्कचा राजकारणी मार्टिन व्हॅन ब्युरेन याने आत्मचरित्रात सांगितली आहे. गोष्ट सुरेख आहे, उत्तरपत्रिकेत मात्र ती आख्यायिका म्हणूनच लिहा.

एका राज्याकडे मी मुलांचं लक्ष मुद्दाम वेधायचो: नॉर्थ कॅरोलिना. तिथले १५ही निर्वाचक जॅक्सनचे होते, पण सभागृहात त्या राज्याने मत दिलं क्रॉफर्डला. मतदारांचा कौल तिथेही मोडला होता, त्याबद्दल कोणी ऊर बडवला नाही, कारण क्रॉफर्ड जिंकला नाही.

त्या संध्याकाळी मन्रोच्या घरच्या समारंभात जॅक्सनने स्वतः पुढे होऊन ॲडम्सशी हस्तांदोलन केलं. सगळ्यांनी त्याच्या दिलदारपणाचं कौतुक केलं. काही दिवसांतच क्लेला परराष्ट्रमंत्रिपद देऊ केल्याची बातमी फुटली आणि जॅक्सनने टेनेसीच्या मित्राला लिहिलं की पश्चिमेच्या जूडासला, म्हणजे क्लेला, चांदीची तीस नाणी मिळणार (तेवढ्याच नाण्यांसाठी जूडासने येशूला दगा दिला होता). राग नुसत्या पदाचा नव्हता. जेफरसन, मॅडिसन, मन्रो, ॲडम्स हे चौघंही परराष्ट्रमंत्रिपदावरून वर गेले होते. त्या खुर्चीवर क्लेला बसवणं म्हणजे पुढचा अध्यक्षही आत्ताच ठरवणं. सिनेटने, म्हणजे काँग्रेसच्या वरिष्ठ सभागृहाने, ही नेमणूक २७ विरुद्ध १४ मतांनी मान्य केली. विरोधी मतांत एक सिनेटर जॅक्सनचं होतं.

तर सौदा झाला होता का? पद आणि मत यांची उघड अदलाबदल झाल्याचा पुरावा नाही. एकमेकांचं मन ओळखून वागणं नक्की झालं. ॲडम्सला क्ले मंत्रिमंडळात हवा होता, त्यात बेकायदा काही नव्हतं, मतंही जुळत होती. तरीही क्लेने ते पद नाकारायला हवं होतं, असं मला वाटतं. क्लेसारख्या कसलेल्या पत्तेबाजाने आपला हात सगळ्यांना दिसेल असा टेबलावर ठेवावा, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. व्हर्जिनियाच्या जॉन रँडॉल्फने सिनेटमध्ये या जोडीला 'प्युरिटन (म्हणजे कर्मठ धार्मिक) आणि जुगारी' म्हटलं, त्यावरून एप्रिल १८२६ मध्ये क्ले आणि तो पोटोमॅकच्या काठी पिस्तुलं घेऊन उभे राहिले. दोघंही वाचले, रँडॉल्फच्या कोटाला भोक पडलं.

ॲडम्सने पहिल्याच वार्षिक संदेशात राष्ट्रीय विद्यापीठ, वेधशाळा, रस्ते, कालवे असं सगळं मागितलं आणि वर काँग्रेसला बजावलं की मतदारांच्या इच्छेमुळे लुळं पडू नका. कमी मतांनी आलेल्या अध्यक्षाने हे म्हणावं! दक्षिणेला त्यात मेकनची भीती खरी होताना दिसली.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, उत्तर-दक्षिण फुटीचा. फूट होती, पण तिसरा भाग मध्ये असल्यामुळे ती दोन सरळ तुकड्यांत पडत नव्हती. ही तिहेरी ओढाताण थांबवायला व्हॅन ब्युरेनने जानेवारी १८२७ मध्ये व्हर्जिनियाच्या संपादक थॉमस रिचीला पत्र लिहिलं: दक्षिणेचे मळेवाले आणि उत्तरेचे साधे रिपब्लिकन यांची जुनी युती पुन्हा बांधू, म्हणजे प्रादेशिक द्वेषाला, म्हणजेच गुलामगिरीच्या प्रश्नाला, लगाम बसेल. डेमोक्रॅटिक पक्षाचा पाया इथे घातला गेला. १८२४ च्या गोंधळातून अमेरिकेने काढलेला धडा हा असा, प्रश्न झाकून ठेवायला पक्ष हवा.

नकाशाचं काम पूर्ण करायचं असेल तर शेजारी १८२८ च्या निवडणुकीचा नकाशा रंगवा. जॅक्सन १७८, ॲडम्स ८३. आधी दोन नावं शोधा: कुक आणि स्कॉट, ज्यांनी एकट्याच्या मताने आपापली राज्यं ॲडम्सला दिली, ते दोघंही १८२६ मध्येच आपल्या जागा हरले. मग ॲडम्सची न्यू इंग्लंडबाहेरची सात राज्यं घ्या. मेरीलँडमध्ये ६ ॲडम्सला, ५ जॅक्सनला. न्यू यॉर्कमध्ये २० जॅक्सनला, १६ ॲडम्सला. ओहायो, केंटकी, इलिनॉय, मिसूरी आणि लुइझियाना ही पाचही राज्यं शेवटच्या मतापर्यंत जॅक्सनच्या रंगात जातील.